एकवचन

रात्री पावणेबाराला उपसंपादक शिंगटे ओरडला,
"काका, 'सापडले' नको. 'सापडला' करा."
मी लाल पेन उचललं.
एकवीस वर्षं आम्ही 'ते म्हणाले' छापत आलो,
'त्यांनी इशारा दिला', 'त्यांच्या हस्ते कोनशिला'.
गादी गेल्यावरही सात महिने
हाताच्या सवयीनं आदर तसाच राहिला होता.
'ले'चा 'ला' करायला
एक मात्रा खोडून एक काना द्यावा लागतो.
तेवढंच.

फोटो चार कॉलमी.
पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर धरलेला,
अंगावर कुणा बाईची शाल, एकाच पायात बूट,
भुवयांवर पीठ.

पहाटे गंगावेशीत तो दुधाच्या आधी पोचला.
म्हशी ओळीनं बांधलेल्या, कासंडीत धारांचा आवाज,
आणि ओठांवरचा फेस न पुसताच
माणसं न्यायाला बसलेली.
ज्योतिराम म्हणाला, "भर चौकात टांगा."
"टांगताय कशाला," दस्तगीर शिकलगार म्हणाला,
"आमच्या सोसायटीत कर्ज मागायला उभा करा,
आपोआप जाईल."
वस्ताद फोटो लांब धरून बघत होते.
"ह्याची पाठ लावली कुणी? नाव न्हाई, जोड न्हाई.
पळून पळून दमलेला धरलाय.
ही काय कुस्ती हाय व्हय?"

कुणाच्या तरी पोरानं
दिवाळीतली उरलेली माळ लावली.
"कुठला रं देश?"
"कुठला का असंना, पडला न्हवं?"
म्हशी बुजल्या, दोन लिटर दूध सांडलं,
आणि भांडण खरं त्यावर झालं.

कारखान्याचे माजी चेअरमन
पेपराची बारीक घडी करून
अर्धा ग्लास तसाच ठेवून उठले.
त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं.
गिरणीवाल्या तातोबाला मात्र येईल तो म्हणायचा,
"माळ्यावर बघ रं, आनि एखादा असंल."
तातोबा चौथ्या वेळेपर्यंत हसला.

इराक्का म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून
धार काढत होती.
तिचा मलगोंडा तिकडं वेल्डिंगला गेलेला,
तेलाच्या पाइपलाइनीवर.
कुठल्याशा भिंतीचा फोटो काढला म्हणून उचलला.
नऊ वर्षं झाली.
मधी एकच पत्र. 'मी बरा आहे.'
अक्षर दुसऱ्याचं.
मीच वाचून दाखवलं होतं तिला,
अक्षराचं बोललो नव्हतो.
तिनंच विचारलं होतं,
"त्याचा म गोल असायचा न्हवं?"

आज तिनं फोटोकडं बघितलंही नाही.
चरवी माझ्या हातात देताना म्हणाली,
"तुमच्या पेपरात लिवलंय का काका,
ह्याच्या तुरुंगाच्या चाव्या
आता कुणाकडं हाईत?"

"बघतो," म्हणालो.
दूध गरम होतं,
गंगावेशीपासून घरापर्यंत गरम होतं.

संध्याकाळी पान चारचं प्रूफ आलं.
खाली, वधू-वरांच्या वर, तीन ओळी:
'तेथील तुरुंगांतील कैद्यांबाबत
निश्चित माहिती उपलब्ध नाही,
असे सांगण्यात आले.'
कुणी सांगितलं?
वाक्याला कर्ता नव्हता.
तशी चूक नाही ती, चालतं,
रोज चालतं.
तीनदा वाचलं.
ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अनुस्वार जागेवर,
'तुरुंगांतील'वर दोन्ही टिंबं.
शिंगटे दारातून म्हणाला, "काका, सोडा आता."

मी सही केली.
जिना उतरताना मनात आलं,
उद्या दूध
शनिवार पेठेतनं आणावं.